न पाहिलेल्या माशाचा पाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनातील व्याख्यान)



विहीर, ओढा, बांधावरचे झाड, गोठ्यातील गाय असे विषय शिकविताना शिक्षकाला एक मोठा आधार असतो. ती वस्तू मुलाने पाहिलेली असते आणि शिक्षकानेही पाहिलेली असते. सांगण्यात काही चूक झालीच, तर ती वस्तूच समोर उभी राहून चूक दाखवून देते. परंतु असेही पुष्कळ विषय वर्गात येतात, की जे मुलाने पाहिलेले नाहीत आणि शिक्षकानेही पाहिलेले नाहीत. ध्रुवप्रदेश, ज्वालामुखी, ग्रहगोल, महासागराचा तळ हे असे विषय होत. तेथे शिक्षक जे सांगेल तेच मुलांच्या दृष्टीने अखेरचे ठरते. त्याला दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून अशा पाठात शिक्षकाची जबाबदारी अधिक वाढते. ती कशी पार पाडावी, याचा विचार एका माशाच्या उदाहरणाने करणे सोयीचे होईल.

घाटावरील एका द्विशिक्षकी शाळेतील हा प्रसंग आहे. चौथीच्या वर्गात गुरुजींनी वर्तमानपत्रात आलेले एका खोल समुद्रातील माशाचे चित्र दाखविले. काळाकुट्ट, सापासारखा लांब देह आणि त्या देहाला न शोभणारे प्रचंड तोंड पाहून मुले चकित झाली. "हा समुद्रातला राक्षस आहे. स्वतःहून मोठ्या माशालाही हा गिळून टाकतो," असे गुरुजींनी सांगितले. तेव्हा मागच्या रांगेतील एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील धरणाच्या पाण्यात मासेमारी करणारे. ती म्हणाली, "गुरुजी, मरळीला दात असतात, शिवड्याला असतात. ह्याला तर दिसत नाहीत. मग मोठा मासा हा धरतो कशाने?" गुरुजी म्हणाले, "चित्रात दिसत नसतील." मुलीचे समाधान झाले नाही. तिने पुन्हा विचारले, "मासा काय खातो ते त्याचं पोट चिरल्यावर कळतं. ह्याचं पोट कुणी चिरून पाहिलं का?" वर्गात हशा पिकला. गुरुजींनी तिला खाली बसविले व पाठ पुढे नेला. मुलगी खाली बसली, आणि त्या आठवड्यात तिने पुन्हा हात वर केला नाही.

या प्रसंगात गुरुजींनी काही दुष्टपणा केला असे नव्हे. वर्तमानपत्रात जे होते तेच त्यांनी सांगितले. परंतु त्या मुलीने जे दोन प्रश्न विचारले, तेच प्रश्न प्राणिशास्त्रज्ञांनीही विचारले होते, आणि त्यांची उत्तरे मिळविण्यास बराच काळ लागला होता. तो इतिहास समजून घेतला, तर मुलीला खाली बसविण्यात काय गमावले याची कल्पना येते.

ज्या माशाचे ते चित्र होते त्याला पेलिकन ईल असे म्हणतात. ईल म्हणजे सापासारख्या लांबट शरीराचे मासे. कोकणच्या बाजारात वाम या नावाने जो समुद्रातील मासा विकावयास येतो, तो याच कुळापैकी होय. देशावरच्या नद्यांत पाठीवर काटे असलेला एक मासा सापडतो व त्यालाही वाम म्हणतात. तो मात्र दिसण्यात सारखा असला, तरी खऱ्या ईलांपैकी नव्हे. पेलिकन हा पाणपक्षी मराठीत झोळीवाला म्हणून ओळखला जातो, कारण त्याच्या चोचीखाली कातडीची मोठी झोळी असते. या माशाच्या खालच्या जबड्यालाही तशीच कातडीची झोळी असल्यामुळे त्याला पक्ष्याचे नाव मिळाले. शास्त्रीय नाव युरिफॅरिंक्स पेलेकॅनॉइडीस असे आहे. त्यातील पहिल्या शब्दाचा अर्थ रुंद घशाचा आणि दुसऱ्याचा अर्थ पेलिकनसारखा असा होतो. हे नाव लिऑन व्हायाँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८८२ साली दिले. त्याच वर्षी 'त्राव्हायर' नावाच्या फ्रेंच जहाजाने मोरोक्कोच्या किनाऱ्यापलीकडे खोल पाण्यातून हा मासा वर काढला होता.

हा मासा अटलांटिक, पॅसिफिक व हिंदी या तिन्ही महासागरांत आढळतो. त्याचे वास्तव्य साधारणपणे ५०० ते ३००० मीटर खोलीवर असते. एवढ्या खोलीचा अर्थ मुलांना आकड्याने कळत नाही. तो जवळच्या वस्तूने सांगावा लागतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे होय. त्याची उंची १६४६ मीटर आहे. समुद्र जेथे २००० मीटर खोल आहे तेथे कळसूबाई तळाशी उभी करून ठेवली, तर तिच्या माथ्यावरही सुमारे साडेतीनशे मीटर पाणी राहील. १००० मीटरांच्या खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. तेथे दिवस नाही आणि रात्रही नाही. पाणी अतिशय थंड असते. दर १० मीटर खोलीला हवेच्या एका दाबाइतका दाब वाढत जातो. म्हणजे २००० मीटरांवर नखाएवढ्या एका चौरस सेंटीमीटर जागेवर सुमारे दोन क्विंटल भार पडतो. तरीही मासा चिरडला जात नाही, कारण त्याचे मऊ शरीर पाण्याने भरलेले असते आणि पुष्कळ माशांच्या पोटात असणारी हवेची पिशवी त्याला नसते. आतला व बाहेरचा दाब सारखाच राहतो.

अशा ठिकाणी काही जगत असेल, हेच प्रथम कोणास खरे वाटले नव्हते. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८४१-४२ साली एजियन समुद्रात तळ खरवडून प्राणी गोळा केले. जसजसे खोल जावे तसतसे प्राणी कमी मिळतात, असे त्यास दिसून आले. त्यावरून त्याने हिशेब केला, की सुमारे ३०० फॅदम, म्हणजे ५५० मीटरांच्या खाली जीवसृष्टी मुळीच नसावी. त्याचे निरीक्षण खरे होते, त्यावरून काढलेले अनुमान मात्र चुकीचे ठरले. १८६० साली भूमध्य समुद्राच्या तळाशी असलेली तारायंत्राची तार दुरुस्तीसाठी वर काढण्यात आली, तेव्हा जवळजवळ दोन हजार मीटर खोलीवरून आलेल्या भागाला जिवंत प्राणी चिकटलेले आढळले. पुढे १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभर फिरून खोल समुद्रातील प्राण्यांचा मोठा संग्रह केला आणि फोर्ब्सचे मत मागे पडले. फोर्ब्स हा आपल्या काळातील थोर शास्त्रज्ञ होता. त्याचे अनुमान खोटे ठरले म्हणून त्याची थोरवी कमी झाली नाही. जे पाहिले ते त्याने नीट नोंदवून ठेवले होते, म्हणूनच पुढच्यांना ते पडताळून पाहता आले.

आता मुलीच्या पहिल्या प्रश्नाकडे वळावे. पेलिकन ईलचे तोंड उघडले म्हणजे छत्री उघडल्यासारखे पसरते. जबड्याची हाडे लांब, बारीक व सैल जोडलेली असतात. एवढे तोंड पाहिल्यावर हा मासा मोठमोठे भक्ष्य गिळत असला पाहिजे, असा तर्क होणे स्वाभाविक होते. खोल समुद्रातील दुसरे काही मासे खरोखरच मोठे भक्ष्य गिळतात. त्यामुळे त्या तर्काला बळ मिळाले. परंतु ज्यांनी त्याचे तोंड नीट तपासले त्यांना दिसले, की त्याचे दात अगदी बारीक आहेत. मोठा, तडफडणारा मासा अशा दातांनी धरून ठेवता येणे कठीण. शिवाय ज्याला राक्षस म्हणावे त्याची लांबी किती? साधारण ७५ सेंटीमीटर, क्वचित एक मीटरपर्यंत. आणि त्यातील बहुतेक लांबी चाबकासारख्या निमुळत्या शेपटीची. मधला धड म्हणावा असा भाग लहानच.

दुसरा प्रश्न पोटाचा. प्राणिशास्त्रज्ञांनी जतन केलेल्या नमुन्यांची पोटे चिरून आतील अन्न तपासले. १९८९ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी या माशाच्या जीवनक्रमाविषयी सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पोटांत मुख्यतः लहान कवचधारी प्राणी सापडले. कोलंबी ज्या वर्गातील आहे त्याच वर्गातले हे जीव. काही ठिकाणी मासे व माकूळासारखे प्राणीही आढळले. म्हणजे तोंड राक्षसाचे असले, तरी रोजचे जेवण बारीकसारीकच. धरणावरची मुलगी घरी मासे साफ करताना जे शिकली होती, तेच शास्त्राचेही साधन ठरले. मासा काय खातो हे त्याच्या तोंडावरून ठरवावयाचे नसते. पोट पाहावे लागते.

या माशाच्या कुळाविषयीही असेच घडले. त्याला खवले नाहीत, बरगड्या नाहीत, पोटाखालचे पर नाहीत, कल्ल्यांवरची हाडाची झाकणे नाहीत. १९४६ साली व्लादिमीर चेर्नाव्हिन या अभ्यासकाने असे मत मांडले, की याची रचना आजच्या व प्राचीन अशा सर्व अस्थिमय माशांहून मूलतः भिन्न आहे. मोठ्या माशाकडे पाहून तसे वाटण्यास जागा होती. परंतु त्याच्या पिलाकडे पाहिले म्हणजे नाते उघड होते. पिलू वरच्या, उजेडाच्या थरात राहते. ते पानासारखे चपटे आणि काचेसारखे पारदर्शक असते. असे पिलू हे ईलांच्या कुळाचे लक्षण आहे. या पिलांचीही एक कथा आहे. १८५६ साली अशा एका पिलाला स्वतंत्र जातीचा मासा समजून लेप्टोसेफॅलस, म्हणजे बारीक डोक्याचा, असे नाव देण्यात आले होते. १८९६ साली ग्रास्सी व कालांद्रुच्चो या इटालियन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तो निराळा मासा नसून नदीत आढळणाऱ्या ईलचे बाळरूप आहे. सुरवंट व फुलपाखरू यांना निराळे कीटक समजावे तशीच ही चूक होती. पुढे पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणानेही पेलिकन ईलचे स्थान ईलांमध्येच असल्याचे निश्चित झाले.

प्रौढपणी नराच्या शरीरात आणखी एक बदल होतो. त्याचे दात व जबडे झिजत जातात आणि वास घेण्याची इंद्रिये मोठी होतात. काळोखात मादीचा माग वासाने काढता यावा, यासाठी हा बदल असावा, असे शास्त्रज्ञ समजतात. शेपटीच्या टोकाला प्रकाश देणारा एक अवयव आहे. हे पाहिलेले आहे. त्या प्रकाशाला भुलून लहान जीव जवळ येत असावेत, हा तर्क आहे. जाळ्यातून वर आलेला मासा बहुधा मेलेला व फाटलेला असतो, त्यामुळे त्याच्या वागणुकीविषयी फार काळ केवळ तर्कच चालले. २०१८ साली हवाई बेटांच्या वायव्येकडील संरक्षित सागरी क्षेत्रात 'नॉटिलस' जहाजावरून सोडलेल्या यंत्राच्या कॅमेऱ्याने जिवंत पेलिकन ईलचे चलच्चित्र टिपले. मासा प्रथम फुग्यासारखा फुगलेला दिसला, मग त्याने झोळी रिकामी केली आणि तो लांब, बारीक ईल झाला. ज्या संशोधकांनी असे मासे केवळ बाटलीत पाहिले होते, त्यांनाही हे दृश्य नवे होते.

आता या सर्वांचा वर्गाशी संबंध काय, हे पाहावयाचे आहे. पेलिकन ईल हा काही परीक्षेचा विषय नाही आणि त्याचे शास्त्रीय नाव मुलांकडून पाठ करून घेण्याची गरज नाही. परंतु एक गोष्ट या माशामुळे फार स्पष्ट होते. न पाहिलेल्या वस्तूविषयी बोलताना पाहिलेले कोणते आणि अनुमानाने काढलेले कोणते, हे मुलांना निराळे करून सांगितले पाहिजे. फळ्याचे उभे दोन भाग करावेत. एकावर 'पाहिले' आणि दुसऱ्यावर 'तर्क केला' असे लिहावे. दात बारीक आहेत, हे पहिल्या भागात. पोटात लहान जीव सापडले, हेही पहिल्या भागात. शेपटीच्या प्रकाशाने भक्ष्य येत असावे, हे दुसऱ्या भागात. मुलांनीच प्रत्येक वाक्य कोठे लिहावयाचे ते ठरवावे. चौथीच्या मुलांना हे जमते; किंबहुना शेतावर व पाण्यावर वावरणाऱ्या मुलांना ते मोठ्यांहून लवकर जमते. ढग पाहिला आणि पाऊस येईल असे म्हटले, तर ढग पहिल्या भागात व पाऊस दुसऱ्या भागात जातो, हे त्यांना सांगावे लागत नाही.

दुसरी सूचना प्रश्नांविषयी आहे. ज्या घरात मासे, गुरे, माती, लाकूड किंवा लोखंड यांचे काम चालते, त्या घरचे मूल शाळेत येताना पुष्कळ निरीक्षण बरोबर घेऊन येते. ते निरीक्षण पाठ्यपुस्तकाच्या भाषेत नसते, म्हणून वर्ग त्यास हसतो. त्या वेळी शिक्षक कोणाच्या बाजूला उभा राहतो, हे मूल कायमचे लक्षात ठेवते. उत्तर ठाऊक नसणे हा शिक्षकाचा दोष नव्हे. "तुझा प्रश्न चांगला आहे, शोधून सांगतो," एवढे म्हटल्याने त्याचा मान जात नाही. शोधून सांगितले नाही, तर मात्र जातो.

वर सांगितलेल्या शाळेतील गुरुजींच्या मनातून तो प्रश्न गेला नव्हता. तालुक्याच्या गावी गेल्यावर त्यांनी वाचनालयात या माशाविषयी शोधून वाचले. पुढच्या सोमवारी तेच चित्र त्यांनी पुन्हा फळ्याशेजारी लावले आणि मुलीला नावाने हाक मारली. "मागच्या वेळी तू विचारलेस ते बरोबर होते. मी सांगितले ते चूक होते. ह्या माशाचे पोट चिरून पाहिलेले आहे, आणि त्यात बारीक जीवच निघाले," असे त्यांनी सर्व वर्गासमोर सांगितले. या वेळी कोणी हसले नाही. मुलगी काही वेळ गप्प राहिली. मग तिने हळूच विचारले, "मग एवढं तोंड कशाला, गुरुजी?"

गुरुजींनी उत्तर दिले नाही. दुपारच्या सुटीनंतर ते मुलांना ओढ्यावर घेऊन गेले आणि आपले उपरणे त्यांनी त्या मुलीच्या व तिच्या धाकट्या भावाच्या हाती दिले. दोघांनी चार टोके धरून ते पाण्यात बुडविले, थोडे ओढले आणि वर उचलले. पाणी गळून गेले व उपरण्यात सात-आठ बोटाएवढे मासे राहिले. गुरुजींनी विचारले, "हाताने एकेक धरला असता तर किती मिळाले असते?" मुलीने उपरण्याकडे पाहिले आणि ती म्हणाली, "म्हणजे त्याचं तोंड म्हणजे जाळं." जेथे अन्न विरळ असते तेथे एका वेळी जेवढे येईल तेवढे गोळा करावयाचे, आत आलेले पाणी कल्ल्यांच्या फटींतून सोडून द्यावयाचे आणि उरलेले जीव गिळावयाचे, असाच शास्त्रज्ञांचाही विचार आहे. दुसऱ्या दिवशी फळ्यावर हे वाक्य लिहिण्याची वेळ आली, तेव्हा ते कोणत्या भागात लिहावे असे गुरुजींनी विचारले. मुलीने खडू हाती घेतला आणि 'तर्क केला' या बाजूला ते लिहिले. मग तिने मासे सोडून दिल्याबद्दल भावाची तक्रार केली, आणि सारा वर्ग, गुरुजींसह, मोकळेपणाने हसला.

ज्या मुलीने आठवडाभर हात वर केला नव्हता, तिचा हात पुन्हा वर आला, हे त्या पाठाचे फळ होय. समुद्र तिच्या गावापासून दूर आहे, आणि कदाचित पेलिकन ईल ती कधीच पाहणार नाही. परंतु सांगितलेली गोष्ट पडताळून पाहता येते आणि चूक झाली तर ती मोठ्या माणसालाही कबूल करता येते, हे तिने पाहिले आहे. ते फळ्याच्या पहिल्याच भागात लिहावयाचे आहे.